रंगारी, मासेवाले आणि टपालबाई

पोलिसात उभी हयात काढून एकाही चोराची कॉलर धरली नाही, अशी बाई बघायची असेल तर टपालबाईला बघावं. हवालदार होती. अंगानं भरलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी, आणि हसायला लागली की शेजारच्या खोलीतले साहेब उठून दार लावून घ्यायचे.

तिचं काम राज्य पोलिसांच्या माहिती कक्षात. कक्ष म्हणजे भिंतीवर नकाशा, टेबलावर जुन्या पद्धतीचे दोन काळे फोन, एक संगणक आणि खडखडणारा पंखा. जिल्ह्याजिल्ह्यांतून खबरा यायच्या. पुलाखाली कोणी फोटो काढत होतं, वीजकेंद्राच्या भिंतीला कोणी शिडी लावून गेलं. खबर ज्याच्या कामाची, त्याच्या कानावर घालायची. म्हणून सगळे तिला टपालबाई म्हणत.

"बघायचं आणि पोटात ठेवायचं, तर मग बघितलं कशाला?" असं ती भल्याभल्या साहेबांना सुनवायची. साहेब हो हो म्हणायचे आणि पोटातच ठेवायचे. पोलिसांचा स्वभावच तसा. खबर फुटू नये म्हणून तिला अशी गाठ मारतात, की पुढं ती त्यांची त्यांनाच सुटत नाही.

एकदा वरून सूचना आली. शहराला पाणी देणाऱ्या धरणाचं पंपघर उडवायचा कोणाचा तरी बेत आहे. कोणाचा, कधी, काही पत्ता नाही. धरण दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. पूर्वेचा काठ एकाचा, पश्चिमेचा दुसऱ्याचा. टपालबाईनं दोन्हीकडं कळवलं. दोन्हीकडून उत्तर आलं, "बघतो." काय बघतो, कसं बघतो, ते कोणीच सांगितलं नाही.

आठवडाभरानं पश्चिमेच्या साहेबांचा फोन आला. "पूर्वेच्या काठावर काही लोक रोज गळ टाकून बसतात. मासा काही धरत नाहीत. परवा एकाच्या गळाला लागला, तर घाबरून सोडून दिला त्यानं."

टपालबाईनं ते पूर्वेच्या साहेबांना सांगितलं. साहेब जरा खाकरले. "हां हां, लक्ष आहे आमचं. पण ते राहू द्या. धरणावर रंगारी आलेत, त्यांचं बघा. एकच हिरवा कठडा किती वेळा रंगवतात! मी सशस्त्र पथक काढलंय, दुपारी उचलतो त्यांना. तुम्ही कोणाला बोलू नका, खबर फुटेल."

एवढं होतंय तोवर तिच्या मोबाईलवर धाकट्या बहिणीचा फोन. आवाज रडका आणि भांडका, दोन्ही एकदम.

"ताई, तुझा मेहुणा बाहेर कुठंतरी दुसरं घर मांडतोय."

"काय बोलतेस?"

"ऑफिसात आहे म्हणतो, आणि रोज हिरवा रंग लागून येतो. काल कान धुतला तर कानातनं रंग निघाला! कोणाच्या भिंती रंगवतोय सांग मला. आपल्या स्वयंपाकघराला चार वर्षं हात लावला नाही मेल्यानं."

मेहुणा पश्चिमेच्या जिल्ह्यात पोलीस शिपाई. टपालबाई हसायला गेली आणि तिची नजर नकाशावरच्या धरणाकडं गेली. धरणाचा कठडा हिरवा. म्हणजे रंगारी पोलीसच होते. रंगाच्या डब्याखाली त्यांचीही पिस्तुलं असणार. बंदुका घेऊन अनोळखी माणसं अंगावर धावली, तर कोण कोणाला आधी नाव विचारणार?

"तुझा नवरा सोन्यासारखा आहे. ठेव फोन," असं म्हणून तिनं पूर्वेच्या साहेबांना लावला.

"साहेब, पथक थांबवा. रंगारी आपलेच आहेत."

"कोण म्हणतं?"

"माझी बहीण."

"ती कुठल्या खात्यात?"

"घरी असते. पण तिच्या नवऱ्याच्या कानात हिरवा रंग आहे."

"बाई, कोणाच्या कानातल्या रंगावर मी पथक मागं घेऊ? पोचतच आलेत ते."

तिनं दुसऱ्या फोनवरून पश्चिमेच्या साहेबांना गाठलं. "तुमचे रंगारी आहेत ना धरणावर?"

"ते सांगता येणार नाही. गुप्त आहे."

एका कानाला हा, एका कानाला तो. समजावत बसायला वेळ नव्हता. टपालबाईनं दोन्ही रिसीव्हर उलटसुलट जोडले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, आणि वर वेणीचं रबर काढून गुंडाळलं.

"आता बोला एकमेकांशी!" ती वरून ओरडली.

"कोण बोलतंय?"

"आधी तुम्ही कोण?"

"मी पूर्वेचा. रंगारी तुमचे का?"

"मासेवाले तुमचे का?"

मग पूर्वेचे साहेब दुसऱ्या कोणावर तरी ओरडले, "थांबा म्हणावं! गेटवरच थांबा!" पथक गाडीतून उतरून धरणावर निघालं होतं, ते तिथंच थबकलं. टपालबाई खुर्चीत बसली. पाच मिनिटांत तिचं हसणं ऐकून शेजारचं दार लागलं.

संध्याकाळी रंगारी आणि मासेवाले एका चटईवर बसले. तेव्हा कुठं उमगलं, की पंपघराच्या पाठीमागं कोणीच नव्हतं. सगळे एकमेकांवर नजर ठेवून होते. त्यांनी पाठची बाजू वाटून घेतली. त्याच आठवड्यात तिथलं तारेचं कुंपण कापताना दोघंजण सापडले. गाडीत सुरुंगाचं सामान. शहरात नळ वेळेवर आले. पाण्याला जोर नाही म्हणून लोकांनी नेहमीसारख्या शिव्याही दिल्या.

मेहुण्याचा फोन आला. "ताई, तुमच्यामुळं वाचलो."

"माझ्यामुळं नाही, तुझ्या बायकोच्या संशयामुळं."

"तिला सांगू नका हं. डोक्यावर बसेल."

"आत्ता काय पायाशी बसलीय होय?"

तो मोकळेपणानं हसला, साहेबांकडून दोन दिवसांची रजा मागून घेतली, आणि ऊन असतानाच घरी गेला.