पान उलटल्याचा आवाज

गोदामाची लांबलचक भिंत संपली, तरी दोघींपैकी कोणीच बसथांब्याकडे वळलं नाही. मागून बस आली, थांब्यावर एक-दोन माणसं उतरली आणि बस दोघींना मागे टाकून वळणाआड दिसेनाशी झाली.

"गेली," मावशी म्हणाली.

"जाऊ दे ना. मागून येईल दुसरी."

"मघाशीही तू हेच म्हणालीस. माझे गुडघे काही तुझ्या वर्गात नाहीत, बाई. त्यांनी शाळा सोडून बरीच वर्षं झाली."

एरवी मावशीच्या फुसक्या विनोदालाही भाची खिदळायची. आज तिनं नुसतं दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. दप्तर नेहमीसारखं टापटीप होतं. बाटली एका खणात, छत्री दुसऱ्यात, चेन शेवटपर्यंत ओढलेली. पोरीचा चेहरा मात्र धुऊन पिळून वाळत घातल्यासारखा दिसत होता.

दुपारी ती दुकानात आली तेव्हाच मावशीला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. सराव परीक्षेचा दिवस, इतिहासाचा पेपर, आणि ही पोरगी घरी जायचं सोडून शहराच्या या टोकाला कशी? पण मावशीनं विचारलं नाही. आयुष्य शिवणकामात गेलेलं, दोऱ्याला गाठ पडली की ओढायचा नसतो एवढं तिला ठाऊक होतं. ती विजेवरच्या नव्या मशीनवर उशांचे अभ्रे शिवत राहिली. भाची शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून बटणांचा डबा उपसत राहिली. पांढरी वेगळी, काळी वेगळी, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. शेवटी मावशीनं घरी फोन करून 'माझ्याकडे आहे, घेऊन येते' असं कळवलं, दुकान लवकर आवरलं, रोजच्यासारखी कात्री कपाळाला लावून खणात ठेवली आणि म्हणाली, "चल, सोडते तुला."

"चालत जाऊ या?" भाचीनं विचारलं होतं.

बटणांचा तो डबा तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात, बाबा लिफ्ट दुरुस्त करत शहरभर फिरणारे, त्यामुळे शाळा सुटली की ही मावशीच्या दुकानात येऊन पडायची. तेव्हा मावशीकडे जुनं पायाचं मशीन होतं. त्याचा आवाज असा की गिऱ्हाईक दारातूनच ओरडून माप सांगायचं. त्या खडखडाटात, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर वह्या मांडून पोरगी अभ्यास करायची. पाढे मशीनच्या तालावर. मावशी मध्येच थांबली, की पाढाही थांबायचा. गिऱ्हाइकांच्या चपला दारात कशाही पडलेल्या असायच्या, त्या ही जोड्या लावून ठेवायची आणि वर बजावायची, "काकू, उद्यापासून इथेच काढायच्या." तेव्हापासून तिचं नाव पडलं कारभारीण. मावशीचं लग्न का झालं नाही, असं एका चौकस बाईनं विचारलं तेव्हा मावशीच्या आधी कारभारणीनंच उत्तर दिलं होतं, "तिच्या मापाचा मिळाला नाही." दुकान हसून हसून लोटपोट.

मग मोठ्या शाळेत गेल्यावर ही वर्गात पहिली आली आणि वर्गशिक्षिका बाईंनी आईबाबांना बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, शिस्तीची आहे. हिला फक्त शांतता द्या. बघा, नाव काढेल."

डॉक्टरनं औषध लिहून द्यावं तसं दोघांनी ते वाक्य घरी नेलं. खासगी शिकवणी त्यांना झेपणारी नव्हती. भारी पुस्तकं झेपणारी नव्हती. पण शांतता? ती तर घरात करता येते. मग त्यांनी ती केली, आणि अशी केली की काही विचारू नका. घरातली एकुलती एक आतली खोली हिला दिली. आई, बाबा, आजी बाहेर दाटीवाटीनं झोपू लागले. मावशीकडून दाराखिडकीला दुहेरी अस्तराचे जाड पडदे शिवून घेतले. बाबांना शीळ घालायची सवय होती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरले तरी वर शीळ ऐकू यायची. ती बंद झाली. घरी आले की जिन्यातच बूट काढून हातात घ्यायचे. आजी टीव्हीचा आवाज पूर्ण घालवून मालिका बघायची आणि पात्रांची बोलणी स्वतःच मनानं ठरवायची. त्यामुळे तिच्या हिशेबी त्या मालिकेतली खाष्ट सासू फार प्रेमळ होती. कुकर लावायचा तर आई तो उचलून शेजारणीकडे न्यायची. शिट्ट्या तिकडे व्हायच्या, जेवण इकडे. सगळं घर म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट.

मावशीला सुरुवातीला या सगळ्याचं हसूच यायचं. आता येत नव्हतं.

वाट पत्र्याच्या कारखान्यापाशी आली. रस्त्यालगतच्या मोठ्या उघड्या दारातून आतली माणसं पत्र्यावर हातोडे घालत होती. ठाण ठाण ठाण. बोललेलं ऐकू येईना. मावशीनं कानावर पदर घेतला आणि पाऊल उचललं, तर भाची तिथेच थांबलेली. समोरच्या कठड्यावर बसलीसुद्धा.

"अगं, इथं कुठं बसतेस? कान फुटतील!"

"जरा बस ना, मावशी."

मावशी बसली. गुडघ्यांनी आभार मानले. भाचीनं पाय लांब केले, मान मागे टाकली आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले. बसवलेली बाही उसवावी तसे.

"आज मी कोरा पेपर दिला," ती म्हणाली.

हातोड्यांमुळे मावशीला वाटलं, आपल्या कानांनी काहीतरी भलतंच ऐकलं. तिनं भाचीच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोरा. नाव लिहिलं, तारीख लिहिली. सगळ्या पानांवर पट्टीनं समास आखले. खाली पानांचे आकडेही घातले. बाकी काही नाही."

"येत नव्हतं का?"

"काय माहीत."

"म्हणजे?"

मग ती सांगत गेली. मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, कारण त्याशिवाय ऐकू जाणंच शक्य नव्हतं. आतल्या खोलीत बसलं की पुस्तकातलं काही डोक्यात शिरत नाही. ओळी दिसतात, पण आत काही जात नाही. बाहेर इतकं शांत असतं की तिघं श्वास कसे घेतात तेसुद्धा कळतं. आजीला खोकला आला की ती उशीत तोंड खुपसून खोकते.

"माझ्यामुळे, मावशी. म्हातारी माझ्यामुळे गुदमरते. आणि आत मी काय करतेय? नुसती बसलेय."

"मग सांगायचं ना घरी."

"काय सांगू? बाबा दाराशी येऊन उभे राहतात. पायांत नुसते मोजे, त्यामुळे आवाज येत नाही, पण फटीतून सावली दिसते. पान उलटल्याचा आवाज आला, की त्यांचं समाधान होतं. मग जातात. बाहेर आईला हळूच सांगतात, वाचतेय गं." ती थांबली. "म्हणून सावली आली की मी पान उलटते."

मावशीनं कानावरचा पदर खाली घेतला.

"आधी फक्त सावली आली की उलटायचे. मग वाटलं, मध्येच आवाज बंद झाला तर? म्हणून अधूनमधून आपणहून उलटायला लागले. आता पुस्तक संपतं, मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते. एक अक्षरही न वाचता."

"आणि शाळेत?"

"शाळेत तर मी नमुना आहे." ती हसली, पण ते हसू कडू होतं. "खालच्या वर्गांत नेऊन मला उभी करतात. अभ्यासाचं नियोजन कसं करावं, सांग म्हणतात. मी सांगते. रंगीत पट्ट्या कशा लावायच्या, कोणता विषय कधी, विश्रांती किती. पोरी लिहून घेतात. एकजण तर म्हणाली, ताई, मला पण तुझ्यासारखं व्हायचंय. मला वाटलं तिला धरून सांगावं, नको गं बाई."

आत कोणीतरी पत्रा फिरवला. घाव जरा थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"आज पेपरला बसले. सगळा वर्ग चिडीचूप. प्रश्न वाचला आणि वाटलं, मी आतल्या खोलीतच आहे. मागून पर्यवेक्षक बाई चालत आल्या. त्यांची सावली बाकावर पडली आणि मावशी, माझ्या हातानं पान उलटलं. आपोआप. त्या पुढे गेल्या. परत आल्या, मी परत उलटलं. घंटा होईपर्यंत हेच."

मावशीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तिचा देव साधा होता. कात्री चालवण्याआधी 'हात सरळ राहू दे' आणि दिवस संपल्यावर 'सांभाळलंस', एवढंच दोघांचं बोलणं. तो सगळं बघतो यावर तिचा विश्वास होता. पण तो बघतो म्हणून तिला कधी पान उलटून दाखवावं लागलं नव्हतं. तो दाराबाहेर मोजे घालून उभा राहणाऱ्यातला नव्हता.

"प्रश्न काय होता गं पहिला?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"कारखाने आल्यावर हातमागवाले देशोधडीला का लागले."

"का लागले?"

आणि भाचीनं उत्तर सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग धडाधड. सूत कुठून यायचं, यंत्रावर कापड किती झपाट्यानं निघायचं, व्यापाऱ्यांनी मागावरचं कापड कसं नाकारलं, माणसं गावं सोडून कुठे गेली. वर्गात बाई शिकवत होत्या, मागच्या बाकावरच्या पोरी कुजबुजत होत्या, खिडकीबाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं, तेव्हा कानावर पडलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर येत होतं. तिचा पाय ठाण ठाणच्या तालावर हलत होता. मावशी आ वासून ऐकत होती.

"आणि मग जे उरले त्यांनी..." भाची म्हणाली, आणि कारखान्यातली कामाची वेळ संपली. हातोडे एकाएकी बंद पडले.

भाचीचं तोंड उघडंच राहिलं.

"त्यांनी काय?"

"माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "गेलं."

दोघी उठल्या. पुन्हा चालू लागल्या. मावशीच्या डोक्यात एकच घोळत होतं. गुण घरी कळणार. मुख्याध्यापिका आईबाबांना बोलावणार. खरी परीक्षा तोंडावर आली आहे, आणि पोरीची गाडी रुतलेली. हिनं घरी सांगितलं तर बापाचा जीव थोडा थोडा होईल. शीळ गेली, बूट हातात आले, आणि पदरात काय, तर समास आखलेली कोरी पानं. नाही सांगितलं, तर ही त्या खोलीत अशीच पानं उलटत बसेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आपल्यालाच सांगावं लागणार, असं तिनं गृहीत धरलं आणि वाक्यं जुळवू लागली. 'ताई जरा ऐक' असं सुरू करावं की 'आधी पाणी पी'? बहीण धाकटी असली तरी वेळप्रसंगी मावशी तिला ताई म्हणायची. तेवढ्यानं ती नरमायची.

इमारत दिसू लागली. खाली मोकळ्या जागेत बारकी पोरं चेंडू खेळत होती. वर गॅलरीत बहीण वाकून उभी होती, आणि त्या पोरांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होती. लेक अजून घरात पोचलीही नव्हती, तरी पोरं आधीच गप्प झाली होती. चेंडू एकानं पोटाशी धरला. बहिणीनं दोघींना पाहिलं, हात हलवला आणि लगबगीनं आत गेली. आत म्हाताऱ्या आजीच्या टीव्हीचा आवाज असेलच थोडाफार, तो घालवायला गेली असणार.

भाचीची चाल मंदावली. मग ती थांबलीच.

"चल," मावशी म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. तू नुसती शेजारी उभी राहा. रागावणार नाही ती."

"रागावली तर बरंच होईल. निदान आवाज तरी होईल." तिनं मावशीचा हात धरला. "पण मावशी, पेपरचं माझं मी सांगते. तुझ्याकडे मागायचंय ते वेगळं आहे."

"माग की."

"आईला वाईट वाटेल. बाबांना तर फारच. म्हणतील, आम्ही तोंडं शिवून बसलो आणि ही..."

"अगं, माग तरी आधी."

भाचीनं वर गॅलरीकडे पाहिलं. तिथे आता कोणी नव्हतं. खिडकीच्या जाड पडद्याची कड तेवढी दिसत होती, मावशीच्याच हातची, सरळ टाक्यांची.

"परीक्षा होईपर्यंत तू आमच्याकडे राहायला ये. गिऱ्हाइकांना पण इकडेच बोलाव. आणि मशीन माझ्या खोलीत लाव, माझ्या टेबलाला अगदी चिकटून." मग मावशी काही बोलायच्या आत ती घाईनं म्हणाली, "पण विजेवरचं नवं नको आणू. ते आवाजच करत नाही. दुकानात कोपऱ्यात झाकून ठेवलंयस ना, ते जुनं पायाचं आण."