टॅबमधला पखवाज

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. लोणावळ्यात पोट भरणारा माणूस तसा असूच शकत नाही. सीझनला दर शनिवारी कुणीतरी पाहुणा विचारतोच, "भैया, यहाँ कोई हॉन्टेड जगह है क्या?" मग आमचा एखादा टॅक्सीवाला त्याला धुक्यातला बंद बंगला दाखवून आणतो. त्या बंगल्याचे मालक चांगले धडधाकट आहेत, उन्हाळ्यात येऊन आंबे खाऊन जातात. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहासोबत हसायलाच वाचत आलोय. खोटं कशाला बोलू?

पण आमच्या घरात जे झालं त्याचं काय करायचं ते मला कळत नाही... म्हणून लिहितोय.

मी राहायला कुसगावला. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर शनिवार-रविवार संध्याकाळी गातो. जुनी हिंदी गाणी. लोक जेवतात, मी गातो, गरम स्टार्टर आलं की टाळ्या बंद. पूर्वी आम्ही चौघं जायचो — ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि मी. आता मी आणि माझा टॅब. त्यात म्युझिकचं एक ॲप आहे. ढोलक त्यात, गिटार त्यात, व्हायोलिनवाल्यांचा अख्खा ताफा त्यात. कुणाची वाट बघायला नको, कुणाचे रुसवेफुगवे नकोत, ताल इकडचा तिकडे होत नाही. फायदे सांगावे तेवढे थोडेच. तोटा आमच्या आबांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. म्हणाले, "सुन्या, ह्यो चुकतच न्हाई. मग त्याच्या संगं वाजवायचं कसं?"

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव बेडसे, लेण्यांच्या डोंगराखाली. आबा शेती करायचे आणि भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. खरं तर उलटं सांगायला पाहिजे, पखवाज वाजवायचे आणि उरलेल्या वेळात शेती. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, तिथून टणक आवाज येतो. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज खोल होतो. कणीक वाळत गेली की तो आवाज हळूहळू वर चढतो, मग पाण्याचा हात लावायचा. म्हणून भजन असलं की आई चपात्यांच्या कणकेतला एक गोळा वाटीखाली झाकून ठेवायची.

आबांची आणखी एक खोड होती. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर यायच्या आधी उजव्या हाताची एक हलकी थाप पडायची. परक्या घरात शिरताना माणूस खाकरतो ना, तशी. मंडळातले चिडवायचे, "आबा खाकरला, आता सम आली बघा." आबा हसायचे, पण थाप काही सोडायचे नाहीत.

मग आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने चालता झाला, जीभही वळायला लागली. हात मात्र मांडीवर पडून राहायचा. आबांनी पखवाज माळ्यावर टाकायला लावला. भजनाचा आवाज देवळातून यायला लागला की म्हणायचे, "दार लोटा." जेवण चार घासांवर आलं. आईचा फोन आला, "सुन्या, हे आसंच बसून बसून जात्याल रं. कायतरी कर."

मी दुसरं काय करणार? माझ्याकडे जुना टॅब पडून होता, तो घेऊन गेलो. ॲपमध्ये पखवाजाचा आवाज असतो. स्क्रीनवर दोन गोल दिसतात, एक उजव्या तोंडाचा, एक डाव्याचा. बोट लावलं की वाजतो. आबांनी आधी शिव्या घातल्या. "काच वाजिवतोस व्हय? कपाळ माझं." मी टॅब तिथेच ठेवून आलो. पुढच्या सोमवारी गेलो तर आबा ओट्यावर बसून डाव्या हाताने डावा गोल वाजवत होते. मान हलत होती. मी म्हणालो, आबा, हे रेकॉर्ड करा, मग त्याच्यावर डाव्याच हाताने उजव्याचं वाजवा, दोन्ही एकत्र होतं. आबा भडकले. "जेवायचं डाव्यानं, धुवायचं डाव्यानं, आता उजव्याची थाप बी डाव्यानं? त्यो हात मेलाय तर मेलाय. त्याची सोंगं नकोत."

मग ते फक्त डाव्याचंच रेकॉर्ड करून ठेवायचे. नुसता घुमारा, मध्ये मोकळ्या जागा. ऐकायला कसंतरीच वाटायचं, पण माणूस जेवायला लागला होता. आई सवयीने कणकेचा गोळा काढून वाटीखाली ठेवायची. आबा हसून म्हणायचे, "अगं येडे, ह्या डबड्याला कशाला कणीक?" आई म्हणायची, "असू द्या. रिकामं रिकामं वाटतं."

अशाच एका सोमवारी सकाळी गेलो, टॅब उघडला. आबांच्या डाव्या हाताच्या ट्रॅकखाली दुसरा ट्रॅक दिसला. मी प्ले केलं...

उजवा हात होता. मोकळ्या जागा बरोबर भरलेल्या. आणि समेच्या आधी ती हलकी थाप, प्रत्येक वेळी.

आई चुलीपाशी होती, ती तिथूनच उठून आली. आबा ओट्यावर ताठ बसले.

"आबा, कुणी वाजवलं हे?"

"म्या न्हाई."

"मग कुणी? घरात दुसरं कोण आहे?"

आबांनी पुन्हा लावायला लावलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने उचलून त्याच्याकडे बघितलं. "हात माझा हाय," ते म्हणाले. "पन म्या न्हाई वाजिवला."

आता मी या ॲपवर पोट भरतो, त्याची नस न नस मला माहीत आहे. म्हणून आधी भूतबित काही डोक्यात आलं नाही. ॲपमध्ये आपोआप साथ करणारा एक वादक असतो, पण त्याला पखवाज येत नाही. माझ्या नव्या टॅबमधून काही आलं म्हणावं तर बेडशाच्या घरी वायफाय नाही, या टॅबला सिमही नाही. शेजारचं कुणी वाजवून गेलं म्हणावं तर आबांची ती खोड मंडळातल्या कुणालाही कधी जमली नव्हती. मी पुढे शोधायचं सोडून दिलं. कारण आबा खूश होते... किती दिवसांनी. त्या दिवशी त्यांनी वाटीभर आमटी मागून घेतली. आई मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "कुणी का वाजवंना. ह्यांचा हात परत आला." मलाही तसंच वाटलं. कामशेतपर्यंत बाईकवर रडत गेलो, खोटं नाही सांगत.

तो महिना चांगला गेला. आबा डावं वाजवायचे, आणि कधीतरी त्याच्याखाली उजवं येऊन बसायचं. आम्ही विचारायचं बंद केलं होतं. माणसाला सुखाची किती लवकर सवय होते बघा.

मग आबांना ताप आला. आठवडाभर टॅबला कुणी हात लावला नाही, तो फळीवर होता. मी सोमवारी गेलो आणि सहज उघडला तर एक नवीनच रेकॉर्डिंग होतं. दोन्ही हात. उजवाही आणि डावाही.

मी आबांना म्हणालो, "तापात कशाला वाजवत बसलात?"

"कोन वाजवतंय? मला बसाया होईना."

मी ऐकायला लागलो आणि मध्येच आवाज वाढवला. ॲपमधला डाव्या तोंडाचा आवाज कायम एकसारखा असतो, एकदा भरून ठेवलेला, शंभरदा वाजवा, बदलणार नाही. हा आवाज सुरुवातीला ओला होता, खोल. आणि वाजत जाईल तसा हळूहळू चढत गेला. कणीक वाळताना चढतो तसा. आबांच्याही ते लक्षात आलं. ते आईला म्हणाले, "पाण्याचा हात लावाया पायजे व्हता." आईने वाटी उचलून बघितली. कणकेचा गोळा होता तसा होता.

त्याच आठवड्यात आबांचा डावा हात गेला.

वडगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, सगळं समजावून सांगितलं. एकदा झटका आला की दुसरा येऊ शकतो, वय आहे, बीपी आहे. मला पटलं. अजूनही पटतं. पण झटक्याच्या आधी तो हात टॅबमध्ये कसा गेला, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने माझंच डोकं तपासायला लावलं असतं.

आबांना घरी आणलं आणि मी पहिलं काम केलं — टॅब बंद करून माझ्या बॅगेत घातला. आता आबांकडे जीभ तेवढी उरली होती. पखवाजाचे बोल ते तोंडाने म्हणायचे, पडल्या पडल्या, छताकडे बघत. तीही जायला नको होती मला. वेडेपणा म्हणा हवं तर.

आबांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "टॅब कुटं हाय?"

"बिघडलाय आबा."

"लबाड बोलू नगंस. आन त्यो हितं."

"आबा, त्याच्यामुळे झालं असेल हे सगळं. कळत नाही का तुम्हाला?"

आबा अगदी शांतपणे म्हणाले, "सुन्या, माझं दोनी हात तितं हायेत. म्या हितं काय करू?"

मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. आई मागून आली. म्हणाली, "दे त्यांना." मी म्हणालो, आई, अजून काही गेलं तर? ती म्हणाली, "न्हाई दिलास तरी जानारच हायेत. मग उपाशी कशाला धाडतोस?" मी टॅब चालू करून आबांच्या उशापाशी ठेवला.

त्यानंतर रोज दुपारी आबा स्वतःचे हात ऐकायचे. आई शेजारी बसायची. मी मधूनमधून जायचो आणि आधी टॅब बघायचो, आबांचा आवाज त्यात आलाय का. नव्हता. शेवटपर्यंत नाही आला. एक दिवस दुपारी पखवाज ऐकत असतानाच आबा गेले. ऐकता ऐकता बोल म्हणत होते, आईला वाटलं डोळा लागला. मी त्यातल्या त्यात समाधान मानलं, की निदान जीभ तरी शेवटपर्यंत त्यांचीच राहिली.

दिवसकार्य झालं. टॅब आईकडेच ठेवला. तिला चालू कसा करायचा ते शिकवलं. ती दुपारची भांडी आटपून बसायची आणि ऐकायची. कणकेचा गोळाही काढायची. मी म्हटलं, असू दे, तेवढाच विरंगुळा.

मागच्या महिन्यात गेलो तर आईच्या हातून चहाची कपबशी पडली. म्हणाली, "मुंग्या येत्यात रं हाताला. थंडीनं आसल." मी तुकडे गोळा केले आणि सरळ फळीवरून टॅब घेतला. का घेतला? माहीत नाही. की माहीत होतं?

आबांच्या दोन्ही हातांखाली तिसरा ट्रॅक होता. टाळ. आबा घरी रियाज करायचे तेव्हा आई त्यांच्यासमोर बसून टाळ धरायची, माझ्या लहानपणी रोज. तोच ठेका, जरा मागे रेंगाळणारा. आणि टाळांबरोबर बांगड्या वाजत होत्या. काचेच्या, हातभर. आबा गेल्यापासून आईच्या हातात बांगडी नाही. आणि ॲपला माइकची परवानगी मी कधी दिलेलीच नाही, आताही बंद आहे, पुन्हा पुन्हा बघितलं.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेच मला सहन झालं नाही. मी टॅब बंद केला आणि म्हणालो, "आई, चार्जिंगला प्रॉब्लेम आहे याच्या. दुरुस्तीला नेतो."

आईला मी दवाखान्यात दाखवून आणलं. काही विशेष नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. हात आता बरा आहे तिचा, कपबशी धरते, भाकरी थापते. टॅब माझ्याकडे कुसगावला कपाटात आहे. चार्ज केलेला नाही. पुसून टाकावं म्हणून कितीदा हातात घेतला, पण त्यात आबांचे हात आहेत. ते मी कसे पुसू?

कशामुळे झालं हे, मला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला ॲपमधलं कळत असेल, तर मी तपासलेलं सगळं पुन्हा तपासून बघा. माझं पोट त्या ॲपवरच आहे, शनिवारी मी अजूनही दुसऱ्या टॅबवर गातोच. फक्त पखवाजाचा आवाज त्यातून काढून टाकलाय.

आईचा रोज फोन यायचा, "झाला का रं दुरुस्त?" मी सांगायचो, पार्ट मिळत नाही, पुण्याहून मागवलाय. एवढं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. परवा मात्र तिने विचारलं नाही. इकडचं तिकडचं बोलली, चवळी किती आली ते सांगितलं, आणि फोन ठेवताना म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा ते दुरुस्तीचं. नगं हेलपाटे घालू. मी ह्यांच्याकडं गेल्याव ऐकीन की."