कौतिक नानांचा नरक

दोंडाईच्याचे कौतिक नाना एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर ते कीर्तन करू लागले. भक्ती, वैराग्य, नामस्मरण सगळं ते नीट सांगत, पण त्यांचा आवाज खुलायचा तो यमाच्या दारात. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका कवीच्या नरकवर्णनाच्या ओव्या त्यांना आजोबांकडून तोंडपाठ मिळाल्या होत्या. उकळत्या तेलाच्या कढया, रक्ताची नदी, तलवारीसारख्या पानांचं रान. पापी रांगेत उभे केले की नाना जुन्या सवयीनं "चला, पुढं सरका" म्हणत, आणि बायाबापड्या खरंच सरकून बसत.

मग एकदा कीर्तनानंतर समोरच्या बाकावर बसलेल्या समाधान नावाच्या शाळकरी पोरानं सांगितलं, की ते पानांचं रान त्यानं मोबाइलच्या गेममध्ये पाहिलंय, तिथं मेलं तरी पुन्हा जिवंत होता येतं. नानांना हे फार लागलं. नरकातून माणूस परत येऊ लागला तर कीर्तनकारानं करायचं काय? त्यांनी त्याचाच मोबाइल घेऊन तो खेळ पाहिला. नदी होती, रान होतं, कढईसुद्धा होती. आपल्या कवीचा माल उचललाय, असं त्यांनी जाहीर केलं, आणि पुढचा अर्धा तास मोबाइल परत दिला नाही.

त्याच वर्षी गणेश मंडळाचे अध्यक्ष मोहनलाल शेठ यांनी यमलोकाचा हलता देखावा ठरवला. शेठचं बाजारात कापडाचं दुकान. ओव्या आणि आवाज नानांचा, मूर्ती शेठच्या सुनेच्या, चेलनाच्या. ती चित्रकला शिकलेली. जुन्या पापांना आता कोण ओळखणार, असं तिचं म्हणणं. नानांनी नवी पापं जुळवली: न वाचता मेसेज पुढे ढकलणारे तिथं दगड ढकलत होते, आणि कापड कमी मोजणारा मीटरपट्टीला उलटा टांगला होता.

पहिल्या संध्याकाळी पडदा उघडला तेव्हा टांगलेल्याचं पोट, चष्मा आणि टक्कल पाहून गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हाऊ तर आमना शेठ शे."

चेलनानं मान खाली घातली. रोज जेवायला समोर बसणारा माणूस हातातून आपोआप उतरला होता. शेठ मूर्तीजवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नाक जरा मोठं झालंय." मूर्ती काढा, असं मात्र म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात ज्यांनी कापड घेतलं, त्यांना ते दोन-चार बोटं जास्तच भरलं, असं गावात बोललं जातं.

नाना मात्र हिरमुसले. घाबरलं कुणीच नव्हतं. कढईपाशी सेल्फीसाठी रांग लागत होती. घरी येऊन ते बायकोपाशी, मंदाबाईपाशी कुरकुरले, की लोकांना आता पापाची भीतीच उरली नाही. मंदाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "आनि जो कीर्तन लांबाडीसन बठ्ठासले उपाशी ठेवस, त्यान्हं काय?"

नाना जेवून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देखाव्याच्या ध्वनिमुद्रणात एक ओवी वाढवली आणि कीर्तन लांबवून सगळ्यांना उपाशी ठेवणाऱ्या कीर्तनकाराला स्वतःच्याच आवाजात कढईत सोडलं. सगळ्यात मोठा हशा तिथंच पिकू लागला.

पुढच्या वर्षी मंडळानं स्वर्ग केला. चेलनानं पांढरे ढग, कल्पवृक्ष, झुलणारे पाळणे असं सुंदर काम केलं होतं. नानांना मात्र ओव्या पुरेनात. त्यांच्या कवीनं स्वर्ग चार ओळींत उरकला होता. लोक येत, हात जोडत आणि भेळेच्या गाडीकडे वळत.

शेवटच्या दिवशी नाना आणि शेठ मोकळ्या खुर्च्यांत त्या ढगांसमोर बसले होते. शेठ म्हणाले, इथं निवांत वाटतं. नानांनी मान डोलावली, थोडा वेळ पाळणे पाहिले आणि मग हळूच विचारलं, "भेळ खायची का?"