उपडे ग्लास

माझा वाढदिवस एक जूनला असतो, म्हणजे आधार कार्डावर. शाळेत घालताना मास्तरांनी गावातल्या निम्म्या पोरांची तीच तारीख लिहून टाकली. आई एवढंच सांगायची, की तू झालीस तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. त्यामुळे जूनमध्ये कुणी माझं कौतुक करायला लागलं की दुसऱ्याच्याच कार्यात पाटावर बसल्यासारखं वाटतं. पण घरात नवी सून आली आणि तिनं ठरवलं, आईंचा वाढदिवस करायचाच.

नारायणगावच्या पुढं हायवेला नवं चायनीज हॉटेल झालंय, तिथं तिनं टेबल सांगून ठेवलं. आम्ही येडगावची माणसं. आमचं चायनीज म्हणजे स्टँडजवळच्या गाडीवरचं लालभडक मंचुरियन. इथं मंद दिवे, कापडी रुमाल आणि प्रत्येकापुढं तीन-तीन काचेचे ग्लास. ते ग्लास पाहिले आणि मी शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडं पाहिलं.

"इथं प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन देतात, आई," सून हौसेनं म्हणाली. "दोन्हीची चव खुलते."

मी मुलाकडं पाहिलं. तो मान वर करीना. "वाइन म्हणजे काय दारू नसते गं," एवढं पुटपुटला. त्याला बापाचं पिणं माहीत होतं, पण हॉस्टेलला राहून जेवढं कळावं तेवढंच. हे द्राक्षाच्या बागेच्या कडेला पडलेले असायचे, भावकीतली माणसं उचलून आणायची, ते सगळं तो सुट्टीला यायच्या आत मी झाकून टाकायची. सुनेला तर कुणी काही बोललंच नव्हतं. ह्यांनी दारू सोडून बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात तो विषय निघालाच नव्हता. नाव काढलं तर परत दारात येईल, असं वाटायचं.

काळं जाकीट घातलेली बाई बाटली घेऊन आली. मी "ह्यांना नको" म्हणायला तोंड उघडलं, पण सुनेकडं पाहून परत मिटलं. तेवढ्यात त्या बाईनं चौघांच्या ग्लासात पांढरी वाइन ओतली सुद्धा. समोर वाफाळलेल्या पुरचुंड्या आल्या, मोदकासारख्या चुण्यांच्या, आत कोंबडीचं सारण. कुणी काय बोलत होतं ते माझ्या कानावर येत नव्हतं. ह्यांनी ग्लास उचलला. उजेडाला धरला. मग नाकाजवळ नेला. मी उगीचच रुमाल पाडला, उचलला, परत पाडला.

ह्यांनी ग्लास खाली ठेवला आणि हळूच माझ्याकडं सरकवला. उरलेले दोन रिकामे ग्लास टेबलावर उपडे केले.

"बाबा, आवडली नाही का?" सुनेनं विचारलं.

"वास लई चांगलाय," हे म्हणाले. "पण मी दारुडा व्हतो, पोरी. तुला म्हाईत न्हाई. ह्या बाईनं लई सोसलंय. आता एक घोट बी मला चालत न्हाई."

सुनेचा चेहरा उतरला. मुलाचे कान लाल झाले. आमच्या घरात हा शब्द असा कुणी उच्चारला नव्हता, ह्यांनी तर कधीच नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"तू घे की," हे मला म्हणाले. "वाढदिवस तुझा हाय."

मी घेतली. मागास राहिलेल्या कच्च्या द्राक्षाच्या घडासारखी आंबट. मग घशात ऊब आली. आल्यातला मासा आला, तिखट कोंबडी आली, तांबडी वाइन आली, आणि प्रत्येक वेळी बाटली टेबलाजवळ आली की माझी नजर ह्यांच्या हाताकडं जायची. तो हात बिचारा काड्यांनी भात उचलायच्या खटपटीत होता.

"माझ्या हाताकडं काय बघतीस? जेव की," हे म्हणाले.

"सवय लागलीय."

"मग बघ. तू बघितलेलं मला बरं पडतं."

येताना गाडी ह्यांनीच चालवली. मुलगा शेजारी बसला होता. कुकडीच्या पुलावर आल्यावर त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

सकाळी मी चहा टाकत होते. सून आली, ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, मी आधी विचारायला हवं होतं."

"कुणाला विचारणार होतीस? आम्हीच बोलत नव्हतो."

मग मी तिला सगळं सांगितलं. बागेचं, भावकीचं, एकदा मी माहेरी कळंबला निघून गेले होते त्याचं, आणि हे स्वतः न्यायला आले, दारात उभे राहिले, आत यायला धजेनात त्याचंही. बोलताना माझा जीव जागेवर नव्हता. सारखी दाराकडं बघत होते, हे आले तर काय, म्हणून.

आणि ते आलेच. आमच्याकडं पाहिलं, काय चाललंय ते ओळखलं. एक पाट ओढून बसले आणि सुनेला म्हणाले, "कळंबचं सांगितलं का? त्यात तिला एक गोष्ट म्हाईत न्हाई, ती मी सांगतो. दारात उभा व्हतो तवा खिशात बाटली व्हती, म्हणून आत पाऊल टाकलं न्हाई."