तेओदुलो याउरी यांचा लिमातील तात्पुरता मुक्काम

नाव: तेओदुलो याउरी. लिंग: पुरुष. धंदा: खिडक्या-दारांना लोखंडी जाळ्या बसवणे. कायमचा पत्ता: मौजे वायरापाता, वांकावेलिकाचे डोंगर. सध्याचा पत्ता: कोमासची टेकडी, लिमा शहर. सदर शहरातील वास्तव्याचे स्वरूप: तात्पुरते. ओळखीची खूण: नाक मुरडलेले.

वायरापाताकरांच्या लिमा मंडळाच्या दप्तरी ही नोंद झाली तेव्हा सदर इसम नुकताच डोंगर उतरून आला होता आणि त्याचे सगळे केस काळे होते. पुढे दर वर्षी सदस्यत्व नवे करताना मंडळाने त्याला विचारावे, "तात्पुरते हे तसेच ठेवायचे का?" आणि त्याने म्हणावे, "मग? मी काय इथं मरायला आलोय?" केस पिकले, नोंद तशीच राहिली.

लिमाविषयी त्याचे मत पक्के होते आणि ते तो कुणी विचारायची वाट न पाहता सांगत असे. हिवाळ्यात इथले आभाळ गाढवाच्या पोटासारखे दिसते, असे लिमाचे लोकच म्हणतात. तेओदुलोला ही उपमा मान्य नव्हती. गाढवाचे पोट निदान कोरडे असते. इथे पाऊस म्हणून पडत नाही, आणि ओल म्हणून जात नाही. दोरीवरच्या सदऱ्याला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो आणि तोच घालून माणसाला कामावर जावे लागते. उन्हाळ्यात मंडईच्या मागे कुजके आंबे आणि कोंबड्यांची आतडी एका ढिगात पडतात, त्या ढिगावर कुत्री बसतात आणि कुत्र्यांवर माश्या. बसचा कंडक्टर चढताना बाही धरून ओढतो, उतरताना पाठीत हात घालून ढकलतो. मधल्या वेळात कुणीतरी खिसा चाचपतो. तेओदुलो शिंकला की रुमालावर काळा डाग पडे. रुमाल बायकोपुढे धरून तो म्हणे, "हे बघ. लिमा."

बायको सातुका मंडईच्या तोंडाशी सकाळी कोंबडीचे सूप विके. ती म्हणे, "धुवायला टाक."

पोट मात्र त्याचे या शहरानेच भरले होते. लिमातला माणूस शेजाऱ्याला भितो. आधी तळमजल्याच्या खिडकीला जाळी लावतो, मग वरच्या, मग दाराबाहेर दुसरे दार, आणि शेवटी सगळी गल्ली मिळून गल्लीच्या तोंडाला फाटक. हे सगळे तेओदुलो जोडून देई. "आपणच आपल्याला कोंडून घ्यायचे पैसे मोजतात," तो म्हणे, "आणि सबंध शहरात मोकळा फिरतो तो एकटा चोर." शिवाय समुद्राची खारट हवा लोखंड खात असल्यामुळे तेच गिऱ्हाईक काही वर्षांनी पुन्हा दारात उभे राही. थोडक्यात, चोरी आणि गंज या ज्या दोन गोष्टींना तो सकाळ-संध्याकाळ शिव्या घाली, त्यांच्यावरच त्याचे घर चालले होते. हे त्याला कळत होते. त्यामुळे त्याची किळस आणखी वाढे.

सातुकाचे मत उलटे होते, पण पुरावा तोच. "वायरापातात पाण्याला जायचं म्हणजे ओढ्यापर्यंत," ती सांगे, "आणि येताना तुझ्या आईच्या डोळ्यांसमोरून. किती पाणी आणलं, किती सांडलं, कुणाशी बोलत थांबले. इथं नळ आहे. मी काय शिजवते, कुणाशी हसते, कुठल्या रंगाचा स्कर्ट घालते, कुणाच्या बापाला पडलेली नाही."

"कुणाला पडलेली नाही," तेओदुलो म्हणे. "तेच म्हणतोय मी."

मंडळाचा अध्यक्ष आब्दोन पोमा हा त्यांच्या मुलीचा, योवानाचा, धर्मपिता. त्या नात्याने तो आणि तेओदुलो एकमेकांचे कोंपाद्रे होते, म्हणजे भांडण झाले तरी जेवायला बोलावणे भाग. आब्दोन न्हावी होता आणि त्याचा तोल वस्तऱ्यासारखाच सांभाळलेला असे. "लिमा ही सासू आहे, कोंपाद्रे," तो म्हणे. "तिला नावं ठेवायची, पण जेवायचं तिच्याच चुलीवर."

"चुलीपाशी हात धुतात तरी का?"

"ते सासूला विचारायचं नसतं."

टेकडीवरच्या सगळ्या घरांसारखे तेओदुलोचे घरही अर्धवट होते. दोन मजले झाले होते आणि गच्चीवर खांबांचे गज आभाळाकडे तोंड करून उभे होते, पुढच्या मजल्याची वाट पाहत. सातुकाला तो मजला योवानासाठी हवा होता. लग्न झालेली पोर शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहत होती. तेओदुलो म्हणे, "परक्याच्या वाळूवर आणखी ओझं घालू?" आणि गज गंजत राहत.

त्या वर्षी त्याने ठरवले. वायरापातातल्या घराला त्याने आधीच नवे पत्रे चढवून घेतले होते. कार्निवल झाला की जायचे. सातुका पातेल्यावरचा फेस काढत होती तेव्हा त्याने तिला हे सांगितले.

"जा," ती म्हणाली. "मी येत नाही."

"गंमत करतेस."

"फेस काढतेय."

ती रागावून म्हणाली असती तर त्याला आशा होती. ती साध्या आवाजात म्हणाली, मीठ कमी आहे म्हणावे तशी. म्हणजे जायचे तर एकट्याने. त्याने दोन दिवस जाळ्यांवर राग काढला, आणि मग जाहीर केले की येत्या सोमवारी तो गच्चीवरचे गज कापून टाकणार. उघड्या गजांचा गंज खाली उतरतो आणि स्लॅब फोडतो. माणसाने जाताना घर नीट बंद करून जावे. कटर त्याने जिन्याखाली आणून ठेवला. सातुका त्या आठवड्यात जिना झाडताना कटर उचलून बाजूला ठेवी आणि झाडून झाले की परत जागेवर ठेवी.

सोमवारच्या आधी रविवार होता, आणि रविवारी मंडळाची युन्सा.

युन्सा म्हणजे कार्निवलातला झाड पाडायचा नाच. एक झाड खड्ड्यात उभे करतात, त्याच्या फांद्यांना घोंगड्या, प्लास्टिकचे टब, पातेली, फुगे बांधतात. जोडपी हात धरून त्याच्याभोवती फेर धरतात आणि एकेक जोडपे पुढे येऊन कुऱ्हाडीचे घाव घालते. ज्या जोडप्याच्या हातून झाड पडेल त्याने पुढच्या वर्षीचे झाड उभे करायचे: झाड, टब, बँड, बिअर, जेवण, सगळे. त्यामुळे सुरुवातीला सगळे पैलवान असतात. बुंधा बारीक होत गेला की घाव असे पडू लागतात जणू कुणी आजारी मांजराला थोपटते आहे.

मागे एकदा एका गृहस्थाने झाड पाडले, टाळ्या घेतल्या आणि तो गावी पळाला. पुढच्या वर्षी मंडळाने झाडावाचून खड्ड्याभोवती नाच केला. त्यानंतरच्या सभेत सगळ्यांत जास्त आवाज तेओदुलोचा होता. "असे पळपुटे लिमातच तयार होतात," तो म्हणाला होता. "ज्यानं झाड पाडलं त्यानं पुढचं झाड उभं होईपर्यंत लिमा सोडायचं नाही. नियम करा." हात वर झाले आणि नियम झाला.

मंडळाने हायवेलगतचे एक भिंतीआडचे पटांगण भाड्याने घेतले होते. तेओदुलो फाटकातून आत शिरला आणि त्याचे नाक कामाला लागले. धुळीवर पाण्याऐवजी बिअर शिंपडलेली. कोपऱ्यात ताडपत्रीमागे पुरुषांसाठी केलेली सोय, आणि सोय कुठे आहे ते विचारावे लागत नव्हते. बिअरचा एकच ग्लास हातोहात फिरत होता. रीतीप्रमाणे प्रत्येक जण पिऊन तळाशी उरलेली बिअर जमिनीवर झटके आणि पुढच्याला देई. ग्लास तेओदुलोपाशी आला तेव्हा त्याच्या काठावर डुकराच्या चरबीचे ओठ उमटलेले होते. त्याने ते हाताच्या उलट्या बाजूने पुसले आणि प्याला. न पिणे हा अपमान झाला असता.

"झाड कुठलं?" त्याने आब्दोनला विचारले.

"निलगिरी."

"ते दिसतंय. आणलं कुठनं?"

"रस्त्याच्या कडेचं आहे."

"म्हणजे पालिकेचं."

"झाडानं काही सांगितलं नाही," आब्दोन म्हणाला. "तुझा आज शेवटचा दिवस आहे, कोंपाद्रे. थोडं चांगलं काहीतरी बघ."

"बघतोय. काय बघू ते दाखव."

बँड सुरू झाला. सॅक्सोफोन एकमेकांशी भांडत होते. फेर फिरू लागला, डोक्यांवर पीठ आणि कागदी फिती पडू लागल्या. कुऱ्हाड हातात घेणारे बहुतेक लिमातच जन्मलेले होते आणि ते कांदा चिरावा तसे झाड चिरत होते. एक जण खाली मारी, दुसरा वीतभर वर, तिसरा मागून. एकाने एका हातात फोन धरून स्वतःचे चित्रण करत दुसऱ्या हाताने कुऱ्हाड मारली आणि ती बुंध्याला लागून परत आली. बुंधा चहूकडून कुरतडलेल्या हाडासारखा झाला.

"ही कुऱ्हाड आहे का चमचा?" तेओदुलो फेरातूनच म्हणाला.

"तुला काय करायचंय?" सातुका म्हणाली. तिने त्याचा हात धरला होता. "उद्या जाणार ना तू गज कापायला."

"माझ्या बापानं हे बघितलं असतं तर त्याला ओकारी आली असती."

"तुझा बाप झाडाखाली झोपायचा. कापायची तुझी आई."

त्यांची पाळी आली. आब्दोन कानाशी येऊन म्हणाला, "हळू हां, कोंपाद्रे. तुझं तिकीट निघालंय."

"मला शिकवू नको."

पहिला घाव सातुकाचा. तिने कुऱ्हाड उचलली, बुंध्याला टेकवल्यासारखी केली आणि त्याच्या हातात दिली. तेओदुलोने जवळून पाहिले. लाकूड मोडलेले नव्हते, कापलेले नव्हते, चावलेले होते. कुसळे बाहेर, साल लोंबतेय, जखम सगळीकडे आणि कुठेच नाही. हे झाड असेच अर्धमेले उभे राहणार आणि शेवटी कुणाच्या तरी अंगावर कलणार. या शहरात धड काही होत नाही. पडणेसुद्धा.

त्याने पाय फाकवले. नुसती वरची कड साफ करायची, एवढेच त्याच्या मनात होते. पहिला घाव तिरका, वरून खाली. लोंबती कुसळे उडाली. दुसरा खालून वर, त्याच ठिकाणी. ढलपा निघून दूर जाऊन पडला आणि आत पांढरे, ओले लाकूड दिसले. वायरापाताचा वास आला. तो क्षणभर त्या पांढऱ्याकडे पाहत राहिला आणि मग काही ठरवायच्या आत त्याने तिसरा घातला.

झाडाने आवाज केला. सॅक्सोफोन थांबले. मग झाड अगदी नीट, जिकडे पडावे तिकडे, कुणाला न लागता आडवे झाले, आणि सगळे मंडळ म्हाताऱ्यांसकट त्याच्यावर तुटून पडले. घोंगडीसाठी दोन बहिणी एकमेकींच्या वेण्या धरून उभ्या राहिल्या. एक निळा टब हवेतून आला आणि तेओदुलोच्या कानशिलाला लागला. तो फुटला, टब.

आब्दोन कागदी फितींचे हार घेऊन आला आणि त्याने ते दोघांच्या गळ्यात घातले. तो हसत नव्हता. न्हाव्याला सवय असते. "नियम माहितीय ना?"

"माहितीय."

"म्हणजे तूच तो करायला—"

"माहितीय म्हटलं ना."

त्याने तोंडात आलेली कागदी फीत थुंकली. तेओदुलो म्हणाला, "मी गावाहून येईन. कार्निवलच्या आधी आठवडाभर. झाडही तिकडनं आणीन, चांगलं."

"नियमात 'लिमा सोडायचं नाही' असं आहे. मी 'शक्यतो' घालूया म्हणत होतो." आब्दोनने त्याच्या खांद्यावरचे पीठ झटकले. "तू घालू दिलं नाहीस."

"आणि नाही पाळला तर?"

"तर तू गावात पोचायच्या आधी गोष्ट पोचेल. तिकडे काय, सगळ्यांना सगळ्यांची पडलेली असते."

गावाची ही थोरवी तेओदुलो स्वतःच आयुष्यभर सांगत आला होता.

सातुका फुटलेला टब पालथा करून पाहत होती. "पातळ आहेत," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी जाड घेऊ."

ती हसतेय का ते त्याने निरखून पाहिले. ती हसत नव्हती. ती त्याच्या कानातले पीठ शालीच्या टोकाने काढत होती, आणि हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने त्याला बाही धरून आत ओढले. मागच्या बाईच्या पिशवीतून माशाचे पाणी त्याच्या बुटावर ठिबकत होते. "या शहरातून माणसाला धड जाताही येत नाही," तो म्हणाला.

"नाही," सातुका म्हणाली. मग काही वेळाने, "कुऱ्हाड मारताना नाक सरळ होतं तुझं."

"कुणाचं?"

"तुझं, म्हाताऱ्या. मी बाजूलाच होते."

त्याने ते लगेच पुन्हा मुरडले. माशाचे पाणी आता मोज्यापर्यंत पोचले होते.

सोमवारी तो गच्चीवर गेला, गजांवरचा गंज नखाने खरवडून पाहिला आणि कटर न वापरता खाली आला. झाड उभे करायचे म्हणजे वर्षभर घरी बैठका. कोण बँड देणार, कोण डुक्कर, कोण बिअर, हे एकेकाला पाव खाऊ घालून आणि दारू पाजून कबूल करून घ्यायचे असते. पहिल्याच बैठकीला निम्मे मंडळ जिन्यावर बसले. कुणीतरी जिन्याखालच्या कटरवर ग्लास ठेवला. त्यांच्या जाण्यानंतर जो काही वास आणि कचरा मागे राहिला त्याविषयी तेओदुलो सकाळपर्यंत बोलत होता. सातुका ऐकत होती. बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "वर जागा असती तर वर बसले असते."

मंडळाच्या दप्तरी सदर इसमाच्या वास्तव्याचे स्वरूप अद्यापि तात्पुरते असेच आहे. ऑगस्टमध्ये त्याने तिसरा मजला बांधला, आणि त्याच्या गच्चीवर चौथ्यासाठी गज सोडून ठेवले.