राखणदाराच्या खोलीतलं मॅनहोल

"हात लावून दाखवा! एक बोट लावून दाखवा फक्त! राखणदाराच्या भिंतीला ओरखडा आला ना, तर अख्खं चारकोप पेटेल!"

नंदूभाऊंचा आवाज असा, की लाउडस्पीकरवाल्यांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. पिंपळावरचे कावळे उडाले ते थेट खाडी ओलांडून मनोरीला जाऊन बसले. दोघे-तिघे अजून परतलेले नाहीत म्हणतात. आणि त्या आवाजासमोर उभे कोण? तर पर्जन्य जलवाहिन्या खात्यातला मी, सब-इंजिनीअर सावंत, शेजारी आमच्या असिस्टंट इंजिनीअर गायकवाड मॅडम, आणि मागे आमचं सक्शन मशीन. पर्जन्य जलवाहिनी म्हणजे पावसाचं पाणी नेणारं गटार. सरकारी नावामुळे त्याचा वास कमी होत नाही. सक्शन मशीन म्हणजे चाकांवरचा राक्षस. एक जाड नळी आत सोडायची, ती गाळ ओढून घेते. माणूस आत उतरवायचा नाही, हा नियम.

अडचण साधी होती. चाळीच्या वरच्या बाजूचं मॅनहोल तुडुंब, खालच्या बाजूचं कोरडं ठणठणीत. म्हणजे मधे कुठेतरी पाइप चोंदलेला. मधलं मॅनहोल नकाशावर होतं, जमिनीवर नव्हतं. तिथे पिंपळ होता, पिंपळाखाली राखणदार होता आणि राखणदाराच्या पाठीमागे नंदूभाऊंनी बांधलेली कुलूपबंद खोली होती. बाहेर पाटी: 'देवाचं भांडारघर'.

राखणदार मुळात पेडणेकर मावशींचा. चाळ उठली तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी गावाहून एक दगड आणून पिंपळाखाली ठेवला. कोकणातल्या माणसाला राखणदार काय ते सांगायला नको. वेशीवर उभा राहतो, वस्ती राखतो, वर्षाला एक कोंबडा घेतो. बस्स. पगार नाही, पेन्शन नाही. मी स्वतः मालवणकडचा. आमच्या गावी राखणदारासमोरून जाताना माणूस शीळसुद्धा घालत नाही.

पुढे नंदूभाऊ राजकारणात आले. 'धर्म वाचवा, वॉर्ड सात्त्विक करा' ही त्यांची घोषणा. आधी त्यांनी रस्त्यावरच्या अंडाभुर्जीच्या गाड्या उठवल्या. मग राखणदाराला टाइल्स लावल्या, टाइल्सवर स्वतःचा फोटो लावला आणि राखणदाराचा कोंबडा बंद केला. देवाला शाकाहारी केलं! वर्षानुवर्षं कोंबडा घेणारा देव, त्याच्या पुढ्यात आता साबुदाणा.

आणि चाळीत दर पावसाळ्यात पाणी. मावशींचे यजमान तात्या अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. मागच्या पावसात पलंगाला पाणी लागलं, तेव्हा शेजारच्या पोरांनी त्यांना उचलून वरच्या मजल्यावर नेलं. "यंदा त्येंका उचलूक जमाचा नाय रे," मावशी मला म्हणाल्या होत्या. "हाडां मोडतली." पाऊस तोंडावर आला होता. ते मॅनहोल उघडलं नाही तर तात्यांचं काय होणार, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

तर त्या सकाळी मी मशीनच्या केबिनमध्ये गुपचूप नारळ ठेवला होता. मॅडमनी पाहिला.

"सावंत, हा खात्याच्या बिलात लावलाय का?"

"नाही मॅडम, घरचा."

"मग असू दे."

आता नंदूभाऊ मॅडमकडे वळले. आवाज खाली आला, तो जास्त वाईट. "मॅडम, राग मानू नका. पण आमचे देव तुम्हाला काय कळणार?"

गायकवाड मॅडमचं घर बौद्ध. वडील लातूरकडून आले, घाटकोपरला राहिले. भाऊंना काय म्हणायचं होतं ते तिथल्या कुत्र्यालाही कळलं. माझे कान तापले. मॅडमचा चेहरा मात्र इस्त्री केल्यासारखा.

"मला पाइप कळतात," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या."

भाऊंनी फोन फिरवला. दोनच मिनिटांत मॅडमचा फोन वाजला. वरचे साहेब. साहेबांचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता. "गायकवाड, भावनांचा प्रश्न आहे. गणपतीनंतर बघू."

"सर, गणपती पावसाळ्यातच येतात."

"तरी पण."

"ठीक आहे सर. काम थांबवा, एवढं लेखी पाठवा. मी लगेच मशीन परत नेते."

पलीकडे जी शांतता पसरली, ती आरेच्या जंगलात अमावास्येलाही मिळत नाही. महापालिकेत एवढी वर्षं काढली. लेखी मागितल्यावर आवाज जातो, हा रोग मी शेकडो साहेबांमध्ये पाहिलाय. पण मागायला छाती लागते. माझ्याकडे ती नव्हती, हे सरळ सांगतो. माझ्या बदलीची धमकी भाऊंनी आधीच दिलेली होती, आणि मॅडमनी फोनवर माझं नावसुद्धा येऊ दिलं नाही.

मग भाऊंनी हुकमाचा पत्ता काढला. "ठरवायचं कोणी? पुजारीणच सांगेल! मावशी, इकडे या. सांगा यांना, राखणदाराला चालेल का खोली उघडलेली?"

"मावशींच्या परवानगीची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "राखणदाराच्याही नाही. ही महापालिकेची लाइन आहे."

मला वाटलं, झालं, वाट लागली! हे वाक्य ऐकून जमलेले दोनशे लोक (बरं, चाळीस) आमचं भरीत करणार. पण तोवर मावशी आल्या होत्या. त्यांनी आधी राखणदाराला नमस्कार केला. मग कमरेची किल्ली काढली. खोलीचा केर रोज त्याच काढायच्या ना!

"नंदू, राखणदार हय भायर आसा, पिंपळाबुडी. भुतूर तुझो सोफो आसा. सोफ्याक कसली इचारतस परवानगी?"

लोक असे हसले की पिंपळाची पानं गळली. किल्ली फिरली. आत सोफा, एसी, पक्षाचे बॅनर आणि कोपऱ्यात एक लोखंडी झाकण, त्यावर प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं. आमचं मॅनहोल!

झाकण उचललं, नळी सोडली, मशीन गुरगुरलं. आधी काळा गाळ आला. मग नळी अडली. आकड्यानं ओढलं तर निघाल्या पत्रावळ्या, सोड्याच्या बाटल्या आणि कोंबडीची हाडं. किती? एवढी, की जोडायला बसलो असतो तर फाटकाबाहेर एक पोल्ट्री फार्म उभं राहिलं असतं. इथली भाऊंची बैठक संपली की कचरा कुठे टाकायचा? बाहेर टाकला तर लोक बघणार. मग झाकण उचलायचं आणि खाली सोडायचं. सात्त्विक वॉर्डाचा नळकांड्यातला इतिहास.

मावशींनी हाडांकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "मेल्या! राखणदाराचो कोंबडो बंद केलंस आणि हय बसान सोता गिळतस?"

मी मोबाइल काढला. अर्ध्या तासात मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक फोनवर ही हाडं नाचवतो, असा माझा बेत. मॅडमनी हात आडवा केला.

"फोटो पाइपचे काढा. जेवणाचे नको."

"अहो मॅडम, पण हा माणूस..."

"तो काय खातो, हा आपल्या खात्याचा विषय नाही. खोली मॅनहोलवर आहे, हा आहे. ती जाईल. कोंबडी खाल्ली म्हणून नाही."

तेव्हा मला राग आला. आज वाटतं, त्यांनी आम्हा सगळ्यांना वाचवलं. मी ते फोटो पाठवले असते तर दुसऱ्या दिवशी मामला गटाराचा राहिला नसता. धर्माचा झाला असता, आणि त्यात खोली आणखी दहा वर्षं जागची हलली नसती, पाइप पुन्हा चोंदला असता. ज्या बाईला नुकतं चारचौघांत टोचलं होतं, तिच्या हातात सूड आयता आला होता. तिनं नळी धुऊन घेतली आणि कामाच्या अहवालावर सही केली. अशी माणसं खात्यात होती म्हणून मी निवृत्तीपर्यंत टिकलो.

खोली नियमाप्रमाणे गेली. राखणदार पाइपवर नव्हता, तो जागच्या जागी राहिला. आठवड्यात भाऊंचा बॅनर लागला: 'नंदूभाऊंच्या अथक प्रयत्नांनी नालेसफाई पूर्ण'. राखणदाराचा कोंबडाही परत सुरू झाला. मावशींनी मॅडमना आग्रहानं जेवायला बोलावलं. मॅडम आल्या, वडे-सागोती दोनदा मागून घेतली.

आणि पाऊस? असा कोसळला की चारकोपच्या बेडकांनी छत्र्या घेतल्या. मी गमबूट घालून धावत चाळीत गेलो. मॅनहोल गटागटा पाणी पीत होतं. तात्या कोरड्या पलंगावर चहा पीत बसले होते. मला भरून आलं. तसाच बाहेर आलो, पिंपळाखाली हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "राखणदारा, राखलंस रे बाबा!"

मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"त्येका कित्याक सांगतस? गटार तुमचा."