सिद्धोधन मिस्त्री आणि तांबड्या गाडीची थरथर

परभणीच्या गंगाखेड रोडवर सिद्धोधनचं गॅरेज आहे. बावीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात घालवलेला माणूस. गाडी रस्त्यावरून आत वळेपर्यंत नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचा. पण दोन वर्षं झाली, हा मिस्त्री गाडीखाली गेला नव्हता.

झालं होतं असं. एका टेम्पोखाली आडवा पडून तो काम करत होता. जॅक सटकला आणि टेम्पो खाली आला. शेजारी टाकलेल्या जुन्या चाकानं अर्धा भार पेलला म्हणून जीव वाचला, तरी तीन बरगड्या मोडल्या. माणसं गोळा होऊन टेम्पो उचलेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ गालावर थेंब थेंब ऑइल पडत होतं आणि छातीत ओरडण्यापुरतीही हवा नव्हती.

बरगड्या जुळल्या, भीती गेली नाही. गाडीखाली वाकायचं म्हटलं की घसा आवळायचा, हातापायाला मुंग्या यायच्या. गॅरेजात उभं राहून काम करायचा पक्का खड्डा होता. तिथं जॅकची भानगडच नव्हती. तरी डोक्यावर लोखंड आलं की तो परत वर चढायचा. शेवटी त्यानं खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर टायर रचले आणि गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "खड्ड्यात पाणी झिरपायलंय." बॉनेटमधली कामं तेवढी घ्यायचा. खरं काय ते त्याच्या बायकोला, सुकेशनीला ठाऊक होतं. तिनं ते कुठं बोलून दाखवलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साधना मॅडम आल्या. सोनपेठच्या कॉलेजात शिकवणाऱ्या. त्यांची गाडी तांबडी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार होती. वीस-पंचवीस वर्षांची, हातानं गेअर टाकायची. नवऱ्यानं हौसेनं पुण्याहून आणलेली. तो वारल्यावर घरचे म्हणाले, विकून टाक. बाईंनी उलट ती चालवायला शिकून घेतली.

"भाऊ, जागेवरून उचलताना थरथरते," मॅडम म्हणाल्या. "आता पळतानाही थरथरायला लागली. एकानं क्लच प्लेट बदलली, एकानं टायर बदलले. काही फरक नाही. उद्या सासूबाईंना घेऊन नांदेडला जायचंय, डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यांच्या."

सिद्धोधनला बरं वाटलं. उचलताना थरथरते म्हणजे क्लच, नाहीतर इंजिन ज्या रबरांवर बसलेलं असतं ती रबरं. दोन्ही तपासायला खाली जावं लागत नाही. त्यानं मॅडमना हँडब्रेक ओढून, तिसरा गेअर टाकून क्लच हळूहळू सोडायला लावला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे क्लच नीट पकडत होता. मग टॉमीची लोखंडी कांब लावून इंजिन हलवून पाहिलं. रबरं घट्ट होती.

वरची कारणं संपत चालली होती.

"चला, पळवून बघू," तो म्हणाला.

पिंगळीच्या दिशेनं निघाले. मॅडम चालवत होत्या, तो शेजारी बसला होता. साठच्या पुढं काटा गेला आणि थरथर सुरू झाली. आधी गेअरचा दांडा, मग आरसा, मग पायाखालचा पत्रा.

"ह्याच स्पीडला गेअर बदला. चौथ्यातून तिसऱ्यात."

इंजिन मोठ्यानं बोंबललं, पण थरथर तीच राहिली. ना वाढली, ना कमी झाली. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता.

"आता क्लच दाबून नुसती पळू द्या."

थरथर एकदम मंदावली. मॅडमनी परत अॅक्सिलेटर दिला, तसा दोन सीटच्या मधून, खालून, धप्प असा दणका आला. दोष गेअरबॉक्सच्या मागं होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब शाफ्ट, तिथं कुठंतरी. एसटीत असताना मानवतच्या अलीकडं त्यानं असा तुटलेला शाफ्ट पाहिला होता. एका जीपचा पत्रा फाडून तो आत आला होता. ड्रायव्हरच्या मांडीचं काय झालं होतं, तेही त्यानं पाहिलं होतं. आणि आत्ता तसलाच शाफ्ट त्याच्या आणि मॅडमच्या मधे, वीतभर खाली, फिरत होता.

"हळू घ्या, मॅडम. वळवा. लय हळू."

गॅरेजात गाडी थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "काय निघालं?"

खाली उतरून बघितल्याशिवाय खरं सांगता येत नव्हतं. त्याची नजर टायरांच्या ढिगावर गेली. आणि तोंडातून निघून गेलं, "काई न्हाई, मॅडम. जुनी गाडी हाय, थोडं चालायचंच."

"मग उद्या नेऊ ना?"

त्यानं मान डोलावली.

मॅडमनी तिथंच सासूबाईंना फोन लावला. "आई, मिस्त्रींनी बघितलं. काही काळजी नाही म्हणाले. सकाळी सहाला निघू."

फोनमधून म्हातारीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण ती खुशीत होती. मॅडम दार उघडून आत बसल्या, चावी लावली.

"थांबा!" तो इतक्या जोरात ओरडला की मागच्या घरातून सुकेशनी बाहेर आली.

तो कुणाकडं न बघता टायर उचलून बाजूला फेकायला लागला. सुकेशनीनं एकदा त्याच्याकडं, एकदा गाडीकडं पाहिलं आणि पदर खोचून फळ्यांना हात घातला. गाडी खड्ड्यावर आणली. चाकांना दगड लावले, तरी त्यानं ते तीनदा पायानं दाबून पाहिले. पहिल्या पायरीवरच तो थांबला.

"मी हितंच बसते काठावर," सुकेशनी हळूच म्हणाली. "बोलत राहते. तुमी नुसतं हां म्हणत जा."

तो उतरला. वर गाडीचं काळं पोट आलं, उजेड गेला, ऑइलचा वास आला. परत तीच वीस मिनिटं सुरू झाल्यासारखं वाटलं. सुकेशनी वरून सांगत होती, शेजारच्या बायनाबाईच्या शेळीला तीन करडं झाली, एक पांढरं हाय. तो "हां" म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज लांबून आला. हातातल्या बॅटरीचा उजेड नाचत होता, म्हणून त्यानं दोन्ही हातांनी बॅटरी धरली.

गेअरबॉक्स जिथं संपतो तिथं, शाफ्टला जोडणारं जाड रबरी कपलिंग होतं. त्याच्या अंगावर बोट फिरवलं तर रबर भुग्यासारखं हातात आलं. सगळीकडून चिरलेलं, दोन ठिकाणी आरपार फाटलेलं. तिसऱ्या ठिकाणी आतले दोरे तेवढे उरले होते. वरच्या पत्र्यावर बोल्ट घासल्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

वर आल्यावर तो भिंतीपाशी जाऊन ओकला. मग तोंड धुऊन मॅडमसमोर आला आणि मूठ उघडली.

"हे तुटलं असतं तर शाफ्ट आत आला असता. नांदेडपर्यंत गाडी गेली नसती. मघाशी मी खोटं बोललो. मला खाली जायचं भ्या वाटतं. दोन वर्षं झाली."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "मी फोन केला होता, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर."

मॅडमनी नांदेडसाठी भाड्याची जीप ठरवली आणि बसनं सोनपेठला निघून गेल्या. त्या गेल्यावर सुकेशनी त्याला म्हणाली, "मॅडमच्या जागी मी असते तर दोन ठेवून दिल्या असत्या."

कपलिंग पुण्याहून यायला सहा दिवस लागले. ते बसवताना सिद्धोधनला चार वेळा अर्ध्यातून वर यावं लागलं. एरवी दोन तासांचं काम, त्याला सबंध दिवस लागला. सुकेशनी काठावर बसून मेथी निवडत बोलत राहिली.

गाडी न्यायला मॅडम आल्या, तेव्हा दोघं पुन्हा पिंगळीपर्यंत गेले. साठ, सत्तर, ऐंशी. आरसा स्थिर होता. मॅडमनी क्लच दाबून पाहिला, गेअर बदलून पाहिले, परत जोर दिला. खालून काही आलं नाही. सिद्धोधननं मात्र दाराची मूठ शेवटपर्यंत सोडली नाही.

"आईंना दिसायला लागलं," परत येताना मॅडम म्हणाल्या. एवढंच. मग थोड्या वेळानं, "सर्व्हिसिंगला तुमच्याकडंच आणीन."

त्याची भीती अजून गेलेली नाही. पण आता तो झिरपत्या पाण्याची थाप मारत नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, "खालचं काम हाय, मला भ्या वाटतं, वेळ लागंल. चालत असंल तर ठिवा." काही जण हसतात आणि दुसरीकडं जातात. काही जण गाडी ठेवून जातात.